‘ह’ कशाचा?

“माफ करा... पण तो ‘ह’ हत्तीचा नाहीये.”

सुखदाचा हत्ती हातातच राहिला. सकाळचे सात वीस. भोसरीच्या थांब्यावर चाकणची बस घरघरत उभी, बाहेर डिसेंबरची हुडहुडी, आणि शेजारच्या सीटवर आत्ता कुठं टेकलेला एक अनोळखी तरुण तिच्या मांडीवरच्या चिमुकल्या पटात डोकावून खुशाल सांगतोय की हत्ती हलवू नका! ओळख ना पाळख! तिनं मान वळवून असं काही बघितलं की दुसरा कुणी असता तर मुकाट्यानं उठून कंडक्टरजवळ जाऊन उभा राहिला असता.

हा उठला नाही. तोंडावरचा मफलर खाली ओढून एवढंच म्हणाला, “चौदावी खेळी म्हणतोय मी. तिथंच अडताय ना?”

तिथंच अडत होती, हे खरं होतं. तीन दिवस अडत होती. म्हणून तर तिला जास्त राग आला.

मामला असा होता. सुखदा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. गिअरमधला केसभर फरकसुद्धा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. आंतर-कंपनी बुद्धिबळ स्पर्धेत चाकण गटातून ती फायनलला पोचली होती आणि भोसरी गटातून कुणी एन. एस. थोपटे. रविवारी आकुर्डीला दोघांची गाठ. नाणेफेक आधीच झालेली, पांढऱ्या सोंगट्या थोपट्याकडं. सुखदाच्या कंपनीतले स्टोअर्सचे शेखर सर, क्रिकेटपासून कॅरमपर्यंत सगळ्याचे स्वयंघोषित कोच, आयोजकांच्या ऑफिसात बसून थोपट्याचा सेमीफायनलचा डाव हातानं उतरवून घेऊन आले होते. आणि सरांचा बाणा असा, की बुद्धिबळाची नोंदसुद्धा मराठीतच झाली पाहिजे! वजिराचा व, घोड्याचा घो, उंटाचा उं, हत्तीचा ह. पटावरच्या आठ उभ्या पट्ट्या म्हणजे अ, ब, क, ड, इ, फ, ग... आणि आठवी पुन्हा ह! चौदाव्या खेळीला कागदावर नुसतं ‘ह४’. सुखदानं धरलं, हत्ती चौथ्या ओळीत गेला आणि पट्टी लिहायला सर विसरले. मग पुढचा डाव काही केल्या जुळेना.

पाचच मिनिटांपूर्वी, हा गृहस्थ बॅग सावरत शेजारी बसत असताना, ती फोनवर शेखर सरांना अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, “तुम्ही काळजीच करू नका सर, रविवारी त्या थोपट्याची जिरवते की नाही बघाच!”

फोन ठेवला, हत्ती उचलला, आणि हे असं झालं.

“मग कशाचा आहे तो ‘ह’?” तिनं फणकाऱ्यानं विचारलं.

“शेवटच्या पट्टीचा. तिथलं प्यादं दोन घरं पुढं आलंय.”

“स्वतःच्या राजासमोरचं? काहीतरीच! राजा असा उघड्यावर टाकून कोण खेळतं?”

“हा खेळलाय. बघा ना... अठराव्या खेळीला हत्ती पहिल्याच ओळीवरून निघतो. चौथ्या ओळीत गेलेला हत्ती खाली उतरला कधी?”

सुखदानं कागद बघितला. पट बघितला. प्यादं दोन घरं पुढं सरकवलं, पुढच्या खेळ्या भराभर लावल्या... आणि तिचा आ वासलेलाच राहिला. तेरा खेळ्या हा थोपटे इटालियन ओपनिंगची नेहमीची वाट धरून, सांभाळून सांभाळून खेळला होता. घोडे बाहेर, उंट बाहेर, राजा कोपऱ्यात. अगदी पेन्शनीत निघालेला माणूस! आणि चौदाव्याला राजाच्या दारातलं प्यादं उचलून चक्क फुकट पुढं केलं. समोरच्याचा वजीर हावरटासारखा ते खायला आला, तेवढ्यात ती पट्टी मोकळी झाली आणि हत्ती येऊन तिथं उभा राहिला. बावीस खेळ्यांत खेळ खलास.

“अगं बाई!” ती मोठ्यानंच म्हणाली. पुढच्या सीटवरच्या आजींनी मागं वळून बघितलं.

“ओळखता तुम्ही या थोपट्याला?” तिनं आवाज खाली आणत विचारलं.

तो जरा थबकला. “एकाच कंपनीत आहोत.”

“अय्या, मग सांगा ना! पन्नाशीचा असेल ना? मेंटेनन्सचा? झुपकेदार मिशी?”

“मिशी... नाही. मध्ये प्रयत्न केला होता त्यानं. जमलं नाही.”

सुखदा खळखळून हसली. आणि तो तिच्याकडं न बघता खिडकीच्या काचेतल्या तिच्या हसण्याकडं बघत राहिला. हे तिला दिसलं. न दिसल्यासारखं करून तिनं उगाचच पट पुसला.

नाव त्यानं सांगितलं, निमिष. भोसरीच्या, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये इंजिनिअर. त्यांचा माल चाकणच्या गिऱ्हाईक कंपनीत रिजेक्ट झाला होता, आणि असं झालं की पुरवठादाराचा एक माणूस तिथं जाऊन बसतो, एकेक नग तपासून देतो. या वेळी त्याची पाळी. शुक्रवारपर्यंत रोज हीच बस. आडनाव तिनं विचारलं नाही. कंपनीत माणसाला नाव नसतं, नुसतं आडनाव असतं. बसमध्ये बरोब्बर उलटं. केसभर फरक पकडणारी ही पोरगी, पण गळ्यातलं ओळखपत्र तो सदानकदा उलटं का घालतो, हा प्रश्न काही तिला पडला नाही!

मंगळवारी तिनं बॅग ठेवून शेजारची सीट धरून ठेवली. का, ते स्वतःलाही सांगितलं नाही.

“तुमच्यासाठी नाही हं,” तो बसल्यावर ती म्हणाली. “ऊन येतं त्या बाजूनं.”

“ऊन?” त्यानं बाहेर बघितलं. धुकं एवढं दाट की समोरचा टेम्पो दिसत नव्हता. “हो, फारच कडक आहे.”

बुधवारपर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. मोशीला रोजच्यासारखी गाड्यांची माळ लागली होती, इंद्रायणीच्या पुलावर बस जागची हलत नव्हती. लोक शिव्या घालत होते आणि या दोघांना वाटत होतं, राहू दे अजून थोडी. ब्रेक लागला की तो पटाखाली हात धरायचा. तिची बोटं एकदा त्याच्या बोटांवर आली... दोघांनीही हात काढला नाही. प्यादं कुठं ठेवायचं तेवढं मात्र ती विसरली.

आणि त्याच पुलावर तिला ते सापडलं.

“थांब, थांब! ते प्यादं खायचंच नाही!”

“मग?”

“दुर्लक्ष करायचं. तो राजाच्या दारात तमाशा करतोय ना? करू दे. आपण मधलं प्यादं पुढं ढकलायचं. हे बघ, त्याचा राजा उघडा, आणि मध्ये आपण मोकळे! गेला थोपटे!”

निमिष पटावर वाकला. पटाकडं बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

“काय झालं रे?”

“काही नाही. हे... हे सुचलंच नव्हतं.”

“कुणाला?”

“कुणालाच,” तो म्हणाला. मग बराच वेळ विचार करून त्यानं पांढऱ्या उंटावर बोट ठेवलं. “समजा, त्यानं इथं उंट देऊन टाकला तर? ते मधलं प्यादं मारून?”

“अख्खा उंट? एका प्याद्यासाठी? वेडा आहेस का? तो थोपटे आहे, तुझ्यासारखा येडपट नाही!”

“हो, तेही खरं,” निमिष म्हणाला आणि इतक्या विचित्रपणे हसला की तिला वाटलं, याला थंडी बाधली.

गुरुवारी तिनं त्याला ते सांगितलं, जे ती सहसा कुणाला सांगायची नाही.

“अकरा वर्षांची होईपर्यंत मी बाबांना रोज हरवायचे. रोज! शाळेत सांगत सुटायचे. मग एकदा पिंपळे गुरवच्या आमच्या जिन्यात बाबा शेजारच्या काकांना सांगताना ऐकलं, ‘पोरगी आहे, मुद्दाम सोडतो हो मी.’ ...निमिष, मी तीन दिवस जेवले नाही नीट. त्यांचं चुकलं असं नाही, प्रेमच होतं ते. पण मला त्यानंतर जिंकलेला एकही डाव खरा वाटेना. आणि आता इथं सेमीफायनल जिंकले, तर समोरचा हरलेला माणूस उठताना काय म्हणतो? ‘लेडीजसमोर काय जोर लावायचा!’ चारचौघांत! आणि सगळे हसले.”

“म्हणून रविवार...”

“म्हणून रविवार. मला कप नकोय रे. हरले तरी चालेल एक वेळ. पण समोरच्यानं पूर्ण जोर लावलेला असला पाहिजे. मुद्दाम हरणारा माणूस मला... चालायचाच नाही. कशातच.”

शेवटचा शब्द बोलून ती स्वतःच चपापली. निमिषनं नुसती मान हलवली, पण ती मान हलवणं साधं नव्हतं.

शुक्रवार. शेवटची बस. येताना दोघंही ठरवल्यासारखे सहा दहाच्या बसला आले, आणि चाकणच्या चौकातून गाडी सुटली तरी पट बॅगेतच.

“सुखदा, मला त्या थोपट्याबद्दल एक—”

“नाव काढू नकोस त्याचं!” तिनं कानांवर हात ठेवले. “आज तरी नको. आज शेवटचा दिवस आहे ना... दुसरं काहीतरी बोल.”

“अगं, पण ते आधी सांगितल्याशिवाय दुसरं—”

“निमिष, प्लीज.”

त्यानं सुस्कारा सोडला. बाहेर रस्त्याकडंच्या हुरड्याच्या शेगड्या मागं पडत होत्या, आत कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कुणाशी तरी वाद घालत होता, आणि त्या सगळ्या गलक्यात त्यानं विचारलं. चाचरत, अडखळत, सीटच्या लोखंडी दांडीकडं बघत.

“सोमवारपासून ही बस नाही. मग मी... म्हणजे मला सवय झालीये. नाही, सवय नाही. सवय म्हणजे चहाची असते. मला तू आवडतेस, सुखदा. पाच दिवसांत कुणी असं विचारतं का, माहीत नाही. पण यापुढं... कायमची... माझ्या शेजारची सीट धरशील?”

सुखदाचं काळीज असं उडालं, की बस खड्ड्यात गेली का काय, असं वाटलं! हा असा सरळ विचारेल, तेही भोसरी यायच्या आत, असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. होकार ओठांवर आला होता. पण दोन दिवसांवर फायनल, डोक्यात थोपटे...

“रविवारी सांगते,” ती कशीबशी म्हणाली. “मॅच झाल्यावर.”

निमिष काहीतरी बोलायला गेला. तेवढ्यात भोसरीचा थांबा आला. भोसरीला उतरून तो खिडकीखाली उभा राहिला, आणि बस हलली तरी तिथंच उभा होता.

रविवारी आकुर्डीच्या सभागृहात सुखदा वेळेआधी पोचली. पटावर एकेक सोंगटी घराच्या मधोमध सरळ केली. समोर पाटी, ‘एन. एस. थोपटे’. खुर्ची रिकामी. चारी बाजूंनी कंपन्यांची माणसं, पहिल्या रांगेत शेखर सर मुठी आवळून बसलेले. तिला एकदा वाटलं, तोही आला असेल का कुठंतरी मागं? म्हणून तिनं मान वळवली, आणि तेवढ्यात समोरची खुर्ची सरकली.

तोच मफलर.

“अरे! तू?” तिचा चेहरा उजळून निघाला. “बघायला आलास? ऊठ, ऊठ लवकर, थोपट्याची खुर्ची आहे ती!”

तो उठला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं गळ्यातलं ओळखपत्र हातात घेतलं आणि सरळ केलं. आठवड्यात पहिल्यांदाच.

निमिष सदाशिव थोपटे.

सुखदानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. अक्षरं ओळखीची, पण अर्थच लागेना. सभागृह होतं तिथंच होतं, पंखे फिरत होते, कुणीतरी खोकलं... आणि तिच्या पायाखालची फरशी तेवढी कुणी काढून घेतली होती. हा? हा थोपटे? मिशी न जमलेला? ज्याची जिरवायची म्हणून ती आठवडाभर घोकत होती, तो हा? आणि तिनं आपला अख्खा डाव, आपली लपवून ठेवायची खेळी, आपलं जिन्यातलं दुःख, सगळं याच्याच पुढ्यात ओतलं होतं!

“तू...”

“खेळाडूंनी बोलायचं नाही,” पंच अंजली मॅडम म्हणाल्या. “हात मिळवा. काळ्यानं घड्याळ सुरू करा.”

हात मिळवावा लागला. नियमच तसा. त्याचा हात गार होता, तिचा त्याहून गार. तिनं घड्याळाचं बटण असं दाबलं की पाण्याचा पेला हलला.

आणि मग सुरू झालं त्यांचं भांडण. एकही शब्द नाही, नुसत्या सोंगट्या. त्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं ढकललं, तिनं ढकललं. घोडा, घोडा. उंट, उंट. अरे, हे तर तेच! पाचवी, सहावी, नववी... हा तोच डाव खेळतोय! बसमध्ये शंभरदा मांडलेला, अगदी तोच. ती प्रत्येक खेळी लिहीत होती आणि पेन्सिल कागदात रुतत होती. अकरा. बारा. तेरा. आता नाही खेळणार. आता वळेल दुसरीकडं. त्याला माहितीये ना, माझ्याकडं काय उत्तर आहे ते!

निमिषनं शेवटच्या पट्टीतलं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढं ठेवलं.

सुखदा हबकली. मग तिचं अंग तापत गेलं. म्हणजे हा मुद्दाम! मला जिंकून देतोय! सगळं ऐकून, सगळं कळून, पुन्हा तेच... तेच बाबांचं, तेच जिन्यातलं! भीक घालतोय मला, अख्ख्या सभागृहासमोर! डोळ्यांत पाणी आलं. उठावं, घड्याळ बंद करावं, निघून जावं. पिंपळे गुरवला जाऊन दार लावून घ्यावं. तिनं खुर्ची मागं सरकवलीसुद्धा.

पण क्वालिटीचं माणूस ते, नोंद केल्याशिवाय जागचं हलणार कसं? तिनं पेन्सिल उचलली आणि लिहिलं, ‘१४. ह४’.

आणि तिचं बोट तिथंच थांबलं.

तो ‘ह’ हत्तीचा नाहीये. सोमवारी, पहिलंच वाक्य होतं त्याचं. आणि त्याच्या आधी...? आधी तिचा फोन होता! ‘रविवारी त्या थोपट्याची जिरवते!’ तो बसत होता, त्यानं ऐकलं होतं. म्हणजे ही कोण, कशासाठी हा कागद धरून बसलीये, सगळं त्याला कळलं होतं. नुसता गप्प बसला असता, तर ती चुकीचाच डाव पाठ करून आली असती आणि आज पंधरा मिनिटांत उताणी पडली असती. त्याला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. आणि ते त्याला जमलं नव्हतं!

सुखदानं खुर्ची पुढं ओढली. तरीही जिंकून देणं वेगळं आणि खरं सांगणं वेगळं. काय ते बघूच, असं म्हणत तिनं मधलं प्यादं पुढं ढकललं, जरा जोरातच.

निमिषनं डोळे मिटले, उघडले... आणि उंटानं ते प्यादं मारलं. अख्खा उंट!

सभागृहात कुजबुज झाली. शेखर सर अर्धे उभे राहिले. सुखदाच्या हातातली पेन्सिल घरंगळून टेबलाखाली गेली. ‘समजा, त्यानं इथं उंट देऊन टाकला तर?’ इंद्रायणीच्या पुलावर तिला विचारलं होतं की यानं! आणि ती हसली होती. वेडा म्हणाली होती. त्यानं फक्त आडनाव लपवलं होतं, खेळी एकही लपवली नव्हती.

तिनं वर बघितलं. तो तिच्याकडं बघतच नव्हता. कपाळावर आठ्या, ओठ दाताखाली, डोळे पटात बुडालेले. जीव तोडून खेळत होता! तिला हरवायला बसला होता, अगदी मनापासून! इतक्या वर्षांत कुणी तिच्यासमोर असं बसलंच नव्हतं. राग होता, अजून चांगला ढीगभर होता, पण त्याच्या खालून काहीतरी ऊबदार वर यायला लागलं आणि ते काही थांबेना.

मग तिनं पेन्सिल उचलली आणि ती खेळली, अशी की नंतर आठवडाभर भोसरी-चाकणच्या कँटीनमध्ये त्याच डावाची चर्चा होती. उंट खाल्ला. राजा पळवला. वजिरानं वजीर अडवला. दोन तास झाले, अडीच झाले. एकदा तर तो हरलाच होता, त्याचे कान लाल झालेले तिनं बघितले. पण एका खेळीचा उशीर झाला. एकाच. तिचा शेवटचा हत्ती गेला, मागोमाग शेवटचं प्यादं गेलं, आणि एकेचाळिसाव्या खेळीला तिनं पट नीट न्याहाळला, घड्याळ थांबवलं आणि हात पुढं केला.

या वेळी हात गरम होता. तिचाही.

टाळ्या पडल्या. जिंकलेला माणूस मात्र हरल्यासारखा बसून होता.

“सोमवारीच सांगणार होतो,” तो खाली मान घालून पुटपुटला. “पण तू थोपट्याला इतकी नावं ठेवत होतीस... आणि हसत होतीस. म्हटलं, उद्या सांगू. मग रोजच उद्या. चुकलं माझं. खोटं एकही नाही बोललो, पण खरं सांगितलं नाही, हेही तेवढंच खरं. शुक्रवारी विचारलेलं... विसरून जा तू.”

“बाकी सगळं चालेल,” सुखदा म्हणाली. आवाज कडक होता, पण हनुवटी थरथरत होती. “ओळखपत्र पुन्हा उलटं घातलेलं दिसलं तर याद राख. आणि समजा, आज तू मुद्दाम हरला असतास ना निमिष... तर मी तुझं तोंड बघितलं नसतं.”

तिनं आपली स्कोअरशीट ओढली. निकालाखाली सही केली. मग जरा थांबून, एकेचाळिसाव्या खेळीच्या खाली एक आकडा आणि एक अक्षर लिहून कागद त्याच्यापुढं सरकवला.

‘४२. ह’

निमिष बघतच राहिला. “पण डाव तर संपला... आणि तुझा हत्ती तर मघाच गेला.”

“हत्तीचा नाहीये तो.”

“प्यादंही नाही तुझं त्या पट्टीत.” तो गोंधळून कागद, पट, पुन्हा कागद असं बघत होता. “‘हरले’चा?”

“तेही आहेच. पण शुक्रवारी भोसरी यायच्या आधी काय विचारलं होतंस?”

बावीस खेळ्यांत माणसं गारद करणारा हा गडी, त्याला एका अक्षराचं उत्तर सापडायला पुरं अर्धं मिनिट लागलं. मग तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. हातातला पांढरा राजा टेबलावर आडवा झाला तरी त्याला कळलं नाही. सुखदा खुद्कन हसली, आणि इतका वेळ अडवून धरलेलं पाणी हसता हसताच गालावर आलं.

“अगं, हरलीस आणि हसतेस काय?” शेखर सर धापा टाकत येऊन पोचले होते. त्यांनी तिची स्कोअरशीट उचलली, चष्मा वर केला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. “हे काय, सुखदा? नुसता ‘ह’ लिहून ठेवलास! पुढं घर कुठलं ते नको का लिहायला?”

सुखदा लाजून बॅगेत पट कोंबायला लागली. निमिष ताडकन उभा राहिला.

“घराचं बघतो आम्ही, सर,” तो म्हणाला. “आधी चहा घेऊ.”